तिसऱ्या खुंटीवरची वस्तू

पोहण्याच्या तलावावर तिकिटाच्या खिडकीत बसायला लागल्यापासून ताईची एका बाबतीत खात्री पटली होती. माणूस पाण्यात उतरताना कपड्यांबरोबर अर्धी अक्कलही खुंटीला टांगतो, आणि जाताना कपडे तेवढे घेऊन जातो. टोप्या, पोहायचे चष्मे, चड्ड्या, एकेकट्या चपला, कानातलं यंत्र, असं काय काय मागे राहायचं. एकदा एक आजोबा वरच्या दातांची अख्खी कवळी विसरून गेले. घरी ताटावर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं म्हणे.

मागे राहिलेलं सगळं खिडकीमागच्या लोखंडी कपाटात जायचं, आणि कपाटाची किल्ली ताईच्या धाकट्या भावाकडे असायची. पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीवर त्याची नेमणूक होती. पोरं त्याला नियममामा म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. ओल्या पायांनी पायरीवर उभं राहिलं तरी तो हटकायचा. सख्ख्या बहिणीलाही त्याने एकदा तिकिटाशिवाय आत पाऊल ठेवू दिलं नव्हतं, आणि ती तिकिटं ताईच विकत होती.

हरवलेल्या वस्तूंबद्दल त्याचा एक खास नियम होता. पूर्वी कुणीतरी बाई खिडकीशी आली, हळूच "अंगठी" म्हणाली आणि अंगठी घेऊन गेली. अंगठीची खरी मालकीण तेव्हा पलीकडच्या बाकावर केस पुसत बसली होती. तिने नंतर जो काही गोंधळ घातला, तेव्हापासून नियममामाने ठरवून टाकलं की ज्याची वस्तू असेल त्याने ती काय आहे आणि कुठे ठेवली होती हे आधी स्वतः सांगायचं, आणि तेही माइकवर. म्हणजे दुसरा कुणी मालक असला तर तो तिथल्या तिथे ओरडेल. माइकचा आवाज तलावाच्या चारी भिंतींवरच्या भोंग्यांतून यायचा. एका बँकेच्या मॅनेजरने "फुलाफुलांची चड्डी, नाडी तुटलेली" असं साऱ्या तलावाला ऐकवून आपली चड्डी सोडवून नेली होती. त्यानंतर ते तलावावर दिसले नाहीत, पण त्यांची चड्डी त्यांनाच मिळाली, याचा नियममामाला अभिमान होता.

तलावासमोर रस्ता ओलांडला की पोलीस ठाणं. तिथले एक साहेब हल्ली सकाळच्या बेडूक बॅचला यायला लागले होते. बेडूक बॅच म्हणजे अगदी नवशिक्यांची, सात वर्षांची पोरं आणि सत्तरीचे पेन्शनर यांची. साहेबांनी नोकरीला लागताना आपल्याला पोहता येतं असं छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. इतकी वर्षं कुणी त्यांना पाण्यात ढकलून पाहिलं नाही. आता खात्याने पोहण्याची परीक्षा ठेवली आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणून ते साध्या कपड्यांत, मान खाली घालून यायचे, कमरेएवढ्या पाण्यात फोमची फळी धरून उभे राहायचे, आणि प्रशिक्षक "तोंड पाण्यात घाला" म्हणाला की घड्याळाकडे बघायचे.

कुलपाचे कप्पे होते. पण कप्प्याची किल्ली हवी असली तर नाव सांगावं लागे, आणि साहेबांना नेमकं तेच नको होतं. त्यामुळे कमरेचा पट्टा, त्याला लावलेल्या म्यानासकट आणि म्यानातल्या सरकारी पिस्तुलासकट, ते तिसऱ्या खुंटीवर अडकवायचे आणि वर टॉवेल टाकायचे. जणू टॉवेलखालची वस्तू जगाला दिसत नाही.

त्या मंगळवारी साहेब अंग पुसत असताना बाहेरच्या बोळातून एक बाईमाणसाचा आवाज आला. ठाण्याच्या सर्वांत वरच्या अधिकारी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या प्रशिक्षकाशी बोलत होत्या. त्यांची मुलगी पलीकडच्या मासोळी बॅचला होती. आवाज ओळखताच साहेबांची पाचावर धारण बसली. ओल्या चड्डीवरच त्यांनी पँट चढवली, शर्टाची बटणं वरखाली लावली आणि पंपघराच्या मागच्या दाराने पोबारा केला. टॉवेल, पट्टा आणि पिस्तूल तिसऱ्या खुंटीवर राहिलं.

ते नियममामाला सापडलं. तो कपाट उघडताना ताईने विचारलं, "काय रे ते?"

"जड वस्तू आहे."

"म्हणजे काय?"

"ताई, मालकाने सांगायच्या आधी आपण बोलायचं नसतं. तुलाही नियम लागू आहे."

दुपारी साहेब आले. आधी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन खुंट्या चाचपून आले, मग खिडकीशी उभे राहिले. मागे मुलांना घेऊन आलेल्या आयांची रांग होती.

"काही सापडलंय का?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"काय हरवलंय?" नियममामाने माइक त्यांच्या तोंडासमोर सरकवला.

साहेबांनी माइककडे असं पाहिलं, जणू तोच त्यांच्यावर रोखलेला आहे. "एक वस्तू. चामड्याची."

भोंग्यांतून "चामड्याची" असं साऱ्या तलावावर घुमलं. पाण्यातली डोकी वर झाली.

"बूट, पाकीट की पट्टा?"

"पट्टा."

"पट्ट्याला काही होतं का?"

साहेब लाल झाले. माइकवर हात ठेवून दातओठ खात म्हणाले, "मी कोण आहे ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे की. बेडूक बॅच. अजून तोंड पाण्यात घालत नाही."

रांगेतल्या आया खुदखुदल्या. ताईलाही हसू आवरलं नाही, आणि त्या हसण्याचा पुढे तिला फार पस्तावा झाला. साहेब तसेच निघून गेले. "पिस्तूल" एवढा एकच शब्द तोंडातून काढला असता तर वस्तू हातात पडली असती. पण तो शब्द चार भिंतींवरून चार वेळा ऐकू आला असता, आणि साहेबांना त्यापेक्षा काहीही चाललं असतं.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी अचानक हत्यारं तपासायला घेतली. साहेबांच्या कमरेला काहीच नव्हतं. विसरलो म्हणावं तर नोकरीवर गदा येणार. साहेब म्हणाले, हिसकावून नेलं. हमरस्त्यावर. झटापट झाली, मी एकटा होतो, तो पळाला.

"दिसायला कसा होता?" मोठ्या बाईंनी विचारलं.

आता खोटं बोलणाऱ्यालाही चेहरा कुठून तरी आणावा लागतो. साहेबांना आयुष्यात कधी कल्पनाशक्ती लागली नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभर एकच थोबाड नाचत होतं, तेच त्यांनी वर्णन करून टाकलं. तिशीचा, सडपातळ, निळा शर्ट, खिशावर मासा छापलेला, उजव्या भुवईत खोक, मिशी एका बाजूला जरा कमी. वर्णन इतकं फक्कड जमलं की हाताखालच्या पोरांनी चहा निवायच्या आत माणूस हजर केला. तलाव समोरच होता.

नियममामाला आत आणताना पाहून साहेबांना घाम फुटला असणार. त्या क्षणीही ते म्हणू शकले असते, हा नव्हे. ते म्हणाले, "हाच."

दुसऱ्या दिवशी ताई ठाण्यात गेली. घरी आईला तिने सांगितलं होतं की धाकट्याला पंपाच्या कामासाठी तलावावरच राहावं लागलंय. आईने त्याच्यासाठी स्वेटर दिला होता. तो स्वेटर ताईने गजांतून आत दिला. भावाचा डावा गाल सुजला होता.

"कुठे आहे ते सांगून टाक ना, मूर्खा," ती म्हणाली. "कपाटात आहे, एवढंच."

"त्यांनी विचारलं, पिस्तूल कुठे आहे. मी म्हणालो, तुमचं असेल तर कुठे ठेवलं होतं ते आधी सांगा."

"मग?"

"मग हे," त्याने गालाकडे बोट दाखवलं.

कोठडीत आणखी दोघं होते. एक न्हावी, एक बेकरीवाला. न्हावी म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ शहाणा आहे. माझ्या दुकानात एक फौजदार दाढी करून गेला, खुंटीवर पिस्तूल विसरून. मी इमानदारीत परत द्यायला आलो. म्हणाले, परत आणलंस म्हणजे नेलं होतंस. तेव्हापासून इथेच आहे."

"आणि तुम्ही?" ताईने बेकरीवाल्याला विचारलं.

"माझ्या काउंटरवर एकाने ठेवलं, पाव मोजून घेतले, आणि तसाच गेला. मग ते तिथून कुणी उचललं, मला काय माहीत? दिवसाला हजार माणसं येतात." त्याने तळहात चोळले. "भट्टी थंड पडली असेल माझी."

बाहेर पडताना साहेबांनी तिला बोळात गाठलं. आवाज एकदम मायेचा. "हे बघ ताई, वस्तू गुपचूप आणून दे. उद्या भाऊ घरी."

तिने मान डोलावली. रस्ता ओलांडेपर्यंत तिला हायसं वाटत होतं. तिकिटाच्या खिडकीशी येईपर्यंत न्हाव्याचं बोलणं डोक्यात शिरलं होतं. आपण ते घेऊन गेलो की ते आपल्या हातात सापडलं. भाऊ चोर, बहीण साथीदार, आणि साहेबांचं पिस्तूल सहीसलामत. साहेब स्वतः झडती घ्यायला तलावावर येणार नाहीत, कारण इथला प्रत्येक पेन्शनर "काय साहेब, आज फळी नाही?" असं विचारणार. म्हणून ते तिच्याकडून काम करवून घेत होते.

सगळे गेल्यावर तिने गल्ल्यात पडलेल्या जादा किल्लीने कपाट उघडलं. टॉवेलात ती काळी वस्तू होती. क्षणभर वाटलं, पंपघराच्या गटारात टाकून द्यावी आणि हात धुवावेत. पण मग भाऊ कशाच्या जोरावर सुटणार? आणि तो सुटला असता तरी त्याने पहिला प्रश्न विचारला असता, "कपाटातली वस्तू कुठे गेली?" ताईला रडू आलं आणि त्याच्यावर चीडही आली. एवढा हट्टी माणूस देवाने तिच्याच घरात का घातला, कोण जाणे. पण त्याच्या हट्टाखेरीज तिच्या हातात काही नव्हतं. मग तिने त्याचाच नियम पाळायचं ठरवलं.

रविवारी सकाळी तलाव गच्च भरतो. सगळ्या बॅचेस, सगळ्या आया, आणि पहिल्या रांगेत मुलीचा टॉवेल मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्या बाई. ताईने माइक हातात घेतला.

"सूचना. पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत एक जड, लोखंडी वस्तू चामड्याच्या पट्ट्यासकट सापडली आहे. ज्याची असेल त्याने खिडकीशी येऊन ओळख पटवावी आणि घेऊन जावी."

भोंगे रस्त्यापलीकडेही ऐकू जात. पहिला माणूस ठाण्याच्या बाजूने धापा टाकत आला, अंगात गणवेश. त्याला तलावाची पद्धत माहीत नव्हती. ताईने माइक पुढे केला तो त्याला खिडकीचाच एक भाग वाटला असावा.

"काय हरवलंय?"

"पिस्तूल," तो कुजबुजला, आणि कुजबुज चारी भिंतींवरून परत आली. तो दचकून मागे बघायला लागला.

"कुठे ठेवलं होतं?"

"बेकरीत. पावाच्या काउंटरवर... पण म्हटलं कुणी इकडे आणून टाकलं असेल."

"इथे बेकरी नाही. पुढचा."

दुसरा थेट पाण्यातून आला, चड्डीवर. त्याने सिनेमागृहाच्या शौचालयात टाकीवर ठेवलं होतं. त्याला महिना होऊन गेला होता. तेव्हापासून तो पोराचं पाण्याचं पिस्तूल काळं रंगवून म्यानात घालून फिरत होता, आणि हेही त्याने सांगून टाकलं, कारण इतके दिवस कुणाला सांगता आलं नव्हतं. बेडूक बॅचमधल्या एका पोराने ओरडून विचारलं, त्यातून पाणी उडतं का? तलाव खदखदून हसला. मोठ्या बाई मात्र टॉवेलची घडी घालत होत्या आणि ती घडी काही जमत नव्हती.

तिसरे यायला हवे होते ते साहेब. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून मोठ्या बाईंकडे पाठ करून ते फळी धरून पाण्यात उभे होते. घोषणा झाल्यापासून त्यांनी मान वळवली नव्हती, आणि आज पहिल्यांदाच ते आपणहून तोंड पाण्यात घालत होते.

ताई माइकवर म्हणाली, "आणखी कुणी नाही? मालक मिळाला नाही तर नियमाप्रमाणे वस्तू ज्याला सापडली त्याची. ती माझ्या भावाला सापडली आहे. मंगळवारी, तिसऱ्या खुंटीवर, टॉवेलखाली. आणि भाऊ समोर कोठडीत आहे. हमरस्त्यावर कुणाचं तरी पिस्तूल हिसकावलं म्हणून."

आता कुणी हसलं नाही. मोठ्या बाई उठल्या. त्या खिडकीशी आल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "इकडे द्या."

ताईचा हात सवयीने कपाटाकडे गेला. पण भावाचा सुजलेला गाल तिच्या डोळ्यांसमोर होता. "बाई, तुमचं आहे का?"

"काय?"

"तुमचं असेल तर कुठे ठेवलं होतं ते सांगा. नसेल तर ज्याचं आहे त्यालाच मिळेल."

मोठ्या बाईंनी हात मागे घेतला. मग त्या पाण्याकडे वळल्या. "बाहेर या," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते सांगायची गरज पडली नाही.

साहेब शिडीने वर आले. पोटावरून पाणी गळत होतं, फळी अजून हातात होती, ती ठेवायचं त्यांना सुचलं नाही. माइकशी येऊन त्यांनी आवंढा गिळला, तोही सगळ्यांना ऐकू गेला.

"पिस्तूल. माझं. तिसऱ्या खुंटीवर. टॉवेलखाली." आणि ताई माइक मागे घेईना, तेव्हा, "मी विसरलो."

ताईने कपाट उघडलं, टॉवेलासकट पट्टा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "टॉवेलही तुमचाच ना? बघून घ्या, नंतर तक्रार नको."

भाऊ संध्याकाळी सुटला. गैरसमज झाला होता, असं त्याला सांगण्यात आलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. साहेबांना शिक्षा झाली असं म्हणतात, म्हणजे त्यांची बदली झाली, नदी नसलेल्या ठिकाणी. ठाण्यातर्फे एक निवेदन निघालं की हिसकावलेलं पिस्तूल पोलिसांनी अथक प्रयत्नांनी हस्तगत केलं असून तलावाच्या कर्मचाऱ्यांनी सहकार्य केलं. ताईला त्यासाठी एक प्लास्टिकचं फूल मिळालं.

घरी आईने गालाला काय झालं विचारलं. भाऊ म्हणाला, "पंपाचं झाकण लागलं." जेवताना त्याने दोनच घास खाल्ले. मग म्हणाला, "ते दोघं अजून आतच आहेत."

"अरे पण बेकरीत पिस्तूल विसरलेल्या त्या पोलिसाने तर सगळ्यांसमोर कबूल केलं."

"ते तोंडी झालं म्हणे. मी मोठ्या बाईंना विचारलं निघताना. त्या म्हणाल्या, ती प्रकरणं वेगळी आहेत. आणि त्या दोघांसाठी म्हणे कुणी मालक चौकशीलाही आला नाही." त्याने घास तसाच खाली ठेवला. "ताई, वस्तू पडून राहिली तर आपण काय करतो?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या नियमांनी तिचं डोकं उठवलं होतं, ते तिला त्या रात्री पहिल्यांदा आवडले. सकाळी कामावर जायच्या आधी ती बेकरीवर गेली, आणि तिथून न्हाव्याच्या घरी.

पुढच्या रविवारी तलाव पुन्हा गच्च भरला होता. मोठ्या बाई आपल्या जागी बसल्या होत्या. ताईने माइक भावापुढे सरकवला, पण त्याने मान हलवली, म्हणून तिनेच तो जवळ ओढला.

"सूचना. समोरच्या पोलीस ठाण्याच्या कोठडीत दोन माणसं विसरून राहिलेली आहेत. एक न्हावी, एक बेकरीवाला. ज्यांची असतील त्यांनी खिडकीशी येऊन ओळख पटवावी आणि घेऊन जावी."

पाण्यातली पोरंसुद्धा काठाला धरून थांबली. खिडकीशी रांग आधीच लागलेली होती. न्हाव्याची म्हातारी आई काठी टेकत उभी होती, तिच्या मागे त्याची कितीतरी गिऱ्हाइकं, आणि सगळ्यांत पुढे बेकरीवाल्याची बायको, हातांना पीठ तसंच.

"काय हरवलंय?" नियममामाने विचारलं.

"माझा नवरा," ती माइककडे वाकून म्हणाली. "बेकरीच्या काउंटरवरून नेलाय. ज्यांनी नेला, त्या बाई तिथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत."